लाईन

नमस्कार श्रोतेहो. आज एकाच इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचंय, आणि तो सकाळपासून तुमच्याही तोंडी दोन-चारदा येऊन गेला असेल: लाईन.

लाईन गेली, म्हणजे वीज. लाईन फुटली, म्हणजे पाणी. लाईन लागली, म्हणजे रेशनच्या दुकानापुढची रांग. 'पोरगं कोणत्या लाईनीला गेलं?' याचं उत्तर मेडिकल, नाहीतर ड्रायव्हरकी. तरी कुणाचा गोंधळ होत नाही. अर्थ सांगायचं काम आपण मराठी क्रियापदाकडे दिलंय.

हा शब्द निघाला मात्र शेतातून. लॅटिनमध्ये 'लीनुम' म्हणजे जवस; आपण ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, तेच. आपलं जवस तेलाचं, बुटकं. धाग्याचं जवस उंच वाढतं. त्याच्या खोडातल्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्या धाग्याची दोरी ती 'लीनेआ'. तिच्यावरून लाईन. कपड्याला आतून लिनन लावायचे, म्हणून अस्तराला लायनिंग. आपले शिंपीही तेच म्हणतात.

पायाची आखणी करताना गवंडी दोन खुंट्यांना जी ताणतो, ती लाईनदोरी. शब्दाचा मूळ अर्थ तिथे अजून जसाच्या तसा आहे. दोरी ताणली की रेघ मिळते. रेघेवरून कवितेची ओळ, नटाचं वाक्य, सैन्याची फळी, आगगाडीचा मार्ग, असं इंग्रजीत ते पसरत गेलं. आपल्याकडे यातल्या बहुतेकांना वेगळे शब्द आहेत. पिकाच्या ओळीला तर 'तास' हा किती नेमका शब्द! कपाशीच्या तासालाही कुणी लाईन म्हटलं, की मला वाईट वाटतं.

डेडलाईनही आधी खरोखरची रेघ होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या बंदी छावणीत ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. मुदतीचा अर्थ पुढे छापखान्या-वर्तमानपत्रांच्या जगात रुळला.

आपल्या भागात या शब्दाचे तीन अर्थ एकत्र आले ते २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात, लातूरला. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये, असा आदेश निघाला. पाण्यासाठी लाईन लावायची, तर तीही धोक्याची ठरली होती. मग मिरजेला पाईपलाईनने कृष्णेचं पाणी वाघिणींत भरलं, आणि रेल्वे लाईनवरून १२ एप्रिलला पाण्याची पहिली गाडी, 'जलदूत', लातूरला पोचली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. शहराच्या तहानेपुढे ते थोडंच होतं, पण आलं.

बीडकरांनी मात्र त्या लाईनीसाठी फार वाट पाहिली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीड ते अहिल्यानगर पहिली गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. आता पुढचा टप्पा परळीचा, आणि तो लवकर व्हावा.