गेटच्या पलीकडचं रान

(अंधार. दूरवर घुबड घुमतंय.)

सकाळचे सव्वासहा. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचा दक्षिण भाग, ओझार्कचे डोंगर. मार्च संपत आलाय. टर्की या मोठ्या जंगली पक्ष्याच्या वसंतातल्या शिकारीला अजून तीन आठवडे आहेत, त्यामुळे माझ्याकडे बंदूक नाही. आज मी फक्त ऐकायला आलोय.

तोंडाशी हात धरून मी घुबडासारखा आवाज काढतो. काहीच नाही. पुन्हा काढतो, आणि दरीपलीकडून उत्तर येतं. गळ्यातून गडगडत उतरणारा तो आवाज, ज्याला इथे गॉबल म्हणतात. नर टर्की अजून रातथाऱ्यावर आहे, उंच झाडाच्या फांदीवर. ढग गडगडले की आपल्याकडे मोर केकारव करतो ना, तसंच हे. विणीच्या दिवसांत कुठलाही मोठा आवाज झाला की याला राहवत नाही.

मी फोनवरच्या नकाशात खूण करतो आणि मागे फिरतो. त्याच्या जवळ जायचं नाही. आज त्याला माणसाचा सुगावा लागला, तर तीन आठवड्यांनी तो इथे सापडायचा नाही.

(उजेड. नकाशावर हिरवा पट्टा.)

हे मार्क ट्वेन राष्ट्रीय वन, सुमारे १५ लाख एकर. शिकारीचं परमिट असलं की इथे कुणीही यावं, कुणाची परवानगी मागायला नको. मी सातारा जिल्ह्यात वाढलो. आमच्या गावाला गायरान होतं, त्यामुळे सगळ्यांची जमीन म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं नाही. शिकार मात्र नवीन होती. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आम्हा मुलांना शिकार ठाऊक होती ती म्हाताऱ्यांच्या गोष्टींतून.

हा पक्षी इथूनही जवळजवळ गेलाच होता. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांनी तो इतका कमी झाला की १९३७ साली मिझुरीने टर्कीची शिकार बंद केली. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. मग १९५४ पासून पेक रँच नावाच्या राखीव क्षेत्रातून खरे रानटी पक्षी जाळ्यात पकडून, जिथे ते उरले नव्हते तिथे नेऊन सोडले. हा उपाय लागू पडला आणि १९६० मध्ये वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली. पुढे १९७६ साली मिझुरीच्या लोकांनी मत देऊन स्वतःवर एक कर लावून घेतला: खरेदीच्या प्रत्येक डॉलरमागे सेंटचा आठवा भाग, वन्यजीव आणि जंगलांसाठी. माझ्या डाळ-तांदळाच्या बिलातूनही तो जातो, आणि मला त्याचं फार समाधान वाटतं.

पण १५ लाख एकरांत बसायचं कुठे?

(काळं पडलेलं रान, त्यात हिरवे कोंब.)

मी आधी जळालेला भाग शोधतो. वनखातं हिवाळ्याच्या शेवटी ठरवून, आखून आग लावतं. पाचोळा जातो, जमीन मोकळी होते, कोवळं गवत येतं आणि गवतात किडे. टर्कीच्या पिल्लांना पहिल्या काही आठवड्यांत किडेच लागतात. जळालेली मोकळी जागा, शेजारी ओकचं जुनं रान आणि खाली ओढा, असं तिन्ही एका ठिकाणी दिसलं की मी गाडी थांबवतो.

मग पायी. हे बघा, पाचोळा उकरलाय. आणि ही विष्ठा. इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली, म्हणजे नराची. मादीची गोळा होऊन पडते. थोडं पुढे या, या धुळीच्या वाटेवर वाका. मधे पावलांचे ठसे, आणि दोन्ही बाजूंना बारीक समांतर रेघा, कुणी खराट्याची काडी ओढत नेल्यासारख्या. नर पिसारा फुलवून, पंख खाली टेकवून इथून मिरवत गेलाय. अशा रेघा दिसल्या की मी बाकी सगळं विसरतो.

गाड्यांना बंदी असलेल्या वनरस्त्यांवर लोखंडी गेट असतं. पायी जायला मोकळीक असते. बहुतेक लोक गेटपासून फार आत जात नाहीत. म्हणून मी निदान दीड-दोन किलोमीटर चालतो. गोचिडी लागतात, पँट मोज्यात खोचावी लागते. पण सार्वजनिक जमिनीवर पक्ष्यापेक्षा माणसांचा अंदाज आधी घ्यावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे एक जागा हेरून भागत नाही. मी चार हेरतो.

आणि एक गोष्ट जिवाची. नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. या तिन्ही रंगांचं काहीही अंगावर नको, खिशातला रुमालसुद्धा, नाहीतर दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजेल. खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसायचं. गॉबल ऐकू आला म्हणून त्याच्या दिशेने सरपटत जायचं नाही, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेला असू शकतो. समोर माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने हाक मारायची. मी नव्या माणसाला आधी हे सांगतो, बंदुकीचं नंतर.

(एप्रिल. डॉगवूडला पांढरा बहर.)

एप्रिलचा तिसरा सोमवार, पहिला दिवस. मार्चमध्ये जिथे उत्तर आलं होतं, त्या गेटपाशी दोन गाड्या आधीच उभ्या आहेत. ती जागा आज त्यांची. मी दुसऱ्या गेटवर जातो. तिथेही एक. तिसरं गेट मोकळं आहे.

चालता चालता उजाडतं. उशीर झालाय, पण हरकत नाही. सकाळ वर चढली की माद्या घरट्यांकडे जातात आणि एकटा पडलेला नर हाकेला येतो. तोवर पुष्कळ शिकारी कंटाळून घरी गेलेले असतात.

ओकला पाठ टेकतो. पाटीच्या दगडाच्या छोट्या चकतीवर काडी घासून मादीची हाक देतो, हलकी, दोनदाच.

साडेसहा वाजलेत. सार्वजनिक जमिनीवर शिकार दुपारी एकला थांबते. अजून साडेसहा तास आहेत.

(खालच्या ओढ्याकडून गॉबल.)