बाबांची हिरवी एमजी मुळात पांढरी होती

नमस्कार. माझ्या हातात आमच्या जुन्या एमजी गाडीचा वीतभर लांबीचा एक पत्र्याचा तुकडा आहे. तो जरा कॅमेऱ्याजवळ धरते. कडेने पाहिलेत तर एकावर एक असे तीन थर दिसतील. सर्वांत आतला, चाळणी झालेला थर १९७१ साली कारखान्यात बसवलेला आहे. त्यावरचा पत्रा १९८३ साली इथल्याच, ब्रिटनमधल्या एका गॅरेजने, खालचा गंज न काढता, नुसता वरून चढवलेला आहे. सर्वांत बाहेरची राखाडी जाडी मात्र पत्र्याची नाही, ती पुट्टी आहे. १९८९ सालच्या एका रविवारी माझ्या वडिलांनी ती स्वतःच्या हाताने भरली, तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि शेजारी डबा धरून उभी होते. तेव्हा आपण गाडी वाचवत आहोत, अशी आम्हा दोघांचीही पक्की समजूत होती.

घरातल्या घरात पुढे आलेली जुनी गाडी उघडली की गंजापेक्षा आधीच्या पिढीने केलेल्या दुरुस्त्याच जास्त निस्तराव्या लागतात, आणि त्या करणारा माणूस तीन फुटांवर खुर्ची टाकून बसलेला असेल तर काम आणखी नाजूक होते. बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. या चित्रीकरणात त्यांचा आवाज मधूनमधून ऐकू येईल. तो मी काढून टाकलेला नाही.

आधी गाडीची ओळख. एमजी ही अक्षरे ‘मॉरिस गॅरेजेस’ या विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधल्या व्यवसायाच्या नावावरून आली. त्याच व्यवसायात काम करणाऱ्या सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर स्पोर्ट्स बॉडी चढवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून हा गाड्यांचा वेगळा ब्रँड उभा राहिला. आमची गाडी एमजीबी आहे. हे मॉडेल १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन इथल्या कारखान्यात तयार होत होते, आणि टप असलेली व काचेच्या मागच्या दाराची जीटी अशा दोन्ही प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. १९८०च्या ऑक्टोबरात तो कारखाना बंद झाला. गाडीच्या पट्टीवरचा क्रमांक ‘जीएचएन५’ असा सुरू होतो; त्यात जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीचे इंजिन, एन म्हणजे दोन आसनी खुली गाडी आणि पाच म्हणजे मालिकेचा क्रमांक. गाडी विकत घ्यायला निघालेल्या माणसाने रंगावर भाळण्यापूर्वी ही पट्टी वाचावी.

बाबा १९६९ साली कोल्हापूरहून कोव्हेंट्रीला नोकरीसाठी आले आणि १९७६ साली त्यांनी ही गाडी वापरलेली अशी घेतली. ती घेण्यामागचे खरे कारण बॉनेटखाली होते. कोल्हापुरात आजोबांकडे अँबेसेडर होती. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेल्या त्या गाडीत १४८९ सीसीचे, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले इंजिन होते. एमजीबीत त्याच घराण्यातले १७९८ सीसीचे इंजिन आहे. फक्त इथे त्याला एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणारी साधने, आहेत आणि ताकद सुमारे ९५ अश्वशक्तीची आहे. विकणाऱ्याने बॉनेट उचलले तेव्हा बाबा आईकडे वळून म्हणाले होते, “अगं, हे तर आपल्या दारातलंच इंजिन आहे.” आई अजूनही सांगते की त्या क्षणी किमतीची घासाघीस करण्याची सगळी संधी त्यांनी घालवली.

आता मुख्य कामाकडे येते. दाराखालच्या या लांब पेटीला इंग्रजीत सिल म्हणतात; मी तिला उंबरठाच म्हणते, कारण दाराखालीच ती असते आणि गाडीत बसताना आपण तीच ओलांडतो. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी होती, त्यामुळे तिथे बॉडीचा पत्रा कुजला तरी खालचा सांगाडा भार घेत असे. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. आणि खुल्या गाडीला वरून आधार देणारे छप्परही नसल्यामुळे पुढची आणि मागची चाके एकमेकांशी सरळ ठेवण्याचे बरेचसे काम या दोन उंबरठ्यांवर आणि दोन आसनांमधून लांबीने जाणाऱ्या तळाच्या उंचवट्यावर, म्हणजे बोगद्यावर, येते. उंबरठा म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेर दिसतो तो एक, आत तळाशी जोडलेला दुसरा, दोघांच्या मध्ये उभा पडदा, आणि खालच्या कडेने जाणारी पट्टी, जिला इथले कारागीर कॅसल रेल म्हणतात. पुढचे चाक उडवते तो चिखल मडगार्डाच्या आत साचतो, तिथली रबरी पट्टी झिजली की ओल पेटीत उतरते, पाणी निघायची भोके बुजतात आणि पत्रा आतून कुजू लागतो. बाहेरून तोवर सगळे चकचकीत असते.

म्हणून एक साधी चाचणी सांगते. दार बंद ठेवून दार आणि मागचे मडगार्ड यांच्यातली फट पाहून ठेवा, मग उंबरठ्याखाली जॅक लावून ती बाजू उचला आणि फट पुन्हा पाहा. फट बदलली, किंवा दार उघडताना अडकले, तर वरचा रंग कितीही सुंदर असो, उंबरठा आतून गेलेला आहे. आमच्या गाडीच्या डाव्या बाजूला जॅक लावल्यावर गाडी उचललीच गेली नाही. जॅकच पत्र्यात शिरला.

ही पेटी कापण्याची रीत ठरलेली आहे, आणि ती मी पहिल्यांदा मोडली, हेही सांगितले पाहिजे. बॉडीला पुढे आणि मागे नीट टेकू द्यायचे, दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत एक मजबूत आडवा दांडा पक्का करायचा, एका वेळी एकच बाजू घ्यायची आणि दर टप्प्याला दार लावून फट तपासायची, असा तो क्रम आहे. मी टेकू दिले होते, पण दांडा लावायचा कंटाळा केला, कारण मला एका संध्याकाळी फक्त बाहेरचा पत्रा काढायचा होता. तो निघाल्यावर कळले की खाली आधार देणारे फारसे काही उरलेलेच नव्हते. बॉडी मधून किंचित खचली आणि दाराची वरची फट जवळजवळ मिटली. बाबांनी खिशातून दोन पेनीची दोन नाणी काढली, एकावर एक ठेवली आणि फटीत सरकवून पाहिली. खाली नाणी सैल जात होती. वर एकही जात नव्हते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर हा टर्नबकल असलेला दांडा केला. मधला नट फिरवला की दांडा लांब होतो आणि खांब एकमेकांपासून दूर ढकलले जातात. दोन दिवस थोडाथोडा ताण देत, दार लावत, नाणी सरकवत फट पूर्ववत आणली आणि मगच गंजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापला. पेट्रोलची टाकी आधीच उतरवून आवाराच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती आणि बॅटरीच्या तारा सोडल्या होत्या. वेल्डिंगपूर्वी या दोन गोष्टींत कोणीही हयगय करू नये. नव्या पत्र्याच्या जोडांवर जस्तयुक्त प्रायमर लावून मिग वेल्डिंग यंत्राने ठिपक्याठिपक्यांनी वेल्डिंग केले, आणि रंग झाल्यावर पेटीच्या आत मेण फवारले. हे शेवटचे काम कोणालाही दिसत नाही, म्हणून बहुतेक जण ते टाळतात.

बाबांनी यावर एक प्रश्न विचारला, आणि तो रास्त आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ साली कारखान्यातली मूळ साधने मिळवून एमजीबीची संपूर्ण बॉडी नव्याने तयार करायला सुरुवात केली. मग इतकी कापाकापी करण्यापेक्षा सबंध नवीन बॉडी आणून जुने भाग तिच्यावर का चढवू नयेत? ज्या गाडीत चारही कोपरे गेलेले आहेत तिच्यासाठी तो मार्ग उत्तम आहे, आणि श्रमांचा हिशेब केला तर कदाचित स्वस्तही. आमच्या गाडीचा मात्र तळ, बोगदा आणि मागची बाजू शाबूत होती. शिवाय प्रवाशाच्या बाजूच्या तळावर मी लहानपणी सायकलच्या कुलपाने पाडलेला पोचा आहे. असा पोचा सुट्या भागांच्या यादीत मिळत नाही.

याच कामात डॅशबोर्ड उतरवला, आणि हातमोज्यांच्या कप्प्यामागे (ग्लव्ह बॉक्समागे) पत्रा पांढरा निघाला.

आमच्या घरात ही गाडी कायम ‘हिरवी’ याच नावाने ओळखली गेली. “हिरवीची किल्ली कुठे आहे”, “हिरवी सुरू होते का बघ”, अशी आमची भाषा. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या मूळ नोंदी आहेत आणि त्यांवरून गाडीचे हेरिटेज प्रमाणपत्र मिळते. ते मागवले. त्यात तयार झाल्याच्या तारखेसोबत रंगाच्या रकान्यात पांढराच होता. म्हणजे बाबांच्या आधीच्या मालकाने ती हिरवी केली होती, आणि गेली जवळजवळ पन्नास वर्षे बाबा तिला ॲबिंग्डनहून हिरवीच आलेली समजत होते. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

आता तज्ज्ञांचे मत घ्याल तर कारखान्याचा रंग परत आणा असेच सांगतील. विकताना किंमत चांगली येते आणि कागदाशी गाडी जुळते. मला हा नियम सरसकट पटत नाही. संग्रहालयासाठी गाडी करत असाल तर तो जरूर पाळा. आम्ही मात्र गाडी पहिल्या मालकाला परत देणार नाही आहोत. तिच्यातून बाबा-आई वेल्सला गेले, मी तिच्यावर गाडी शिकले, आणि या सगळ्या काळात ती हिरवी होती. म्हणून ती हिरवीच रंगवली. फक्त कप्प्यामागची तळहाताएवढी पांढरी जागा रंगाऱ्याला झाकून ठेवायला सांगितली; उद्या कोणी डॅशबोर्ड उतरवलाच तर त्याला तो थर वाचता यावा.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण ते तुलनेने निरोगी निघाले. ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली, आणि जुन्या सीटची झीज रोखणारे ते शिसेच गेले; त्यामुळे इंजिनाचे हेड उतरवलेच होते तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीट कठीण धातूच्या बसवून घेतल्या. आणि २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत गेल्याने, आणि इथेनॉल जुने रबर खराब करते म्हणून, सर्व जुन्या रबरी नळ्या बदलल्या. टॅपेट लावण्याचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट ठरवण्याचे, काम माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने केले. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह आणि एकच सूत्र: बेरीज नऊ. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असेल तर पहिला तपासायचा, सातवा उघडा असेल तर दुसरा, असे करत जायचे. फीलर गेजची ०.०१५ इंचाची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये सरकवायची. ती जराशी अडून निघाली पाहिजे, लोण्यातून सुरी निघते तशी. ही उपमा बाबांची. कोल्हापुरात अँबेसेडरवर ते हेच सूत्र शिकले होते.

कायद्याचा एक मुद्दा. इथे मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूलभूत बदल न केलेल्या गाड्यांना एमओटी या रस्त्यावर चालण्यास गाडी योग्य आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरीही आम्ही दरवर्षी गाडी तपासून घेणार आहोत. मी केलेले वेल्डिंग परक्या माणसाने खालून दिवा लावून पाहावे, असे मला वाटते; १९८३चा तो झाकणपत्रा कोणी तसा पाहिला असता तर आज माझ्या हातात हा तुकडा नसता.

शेवटी कार्ब्युरेटर. दोन कार्ब्युरेटर सारखी हवा ओढत आहेत की नाही, हे मोजणारी उपकरणे मिळतात आणि माझ्याकडे ते आहे. बाबांकडे फूटभर रबरी नळी आहे. तिचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे. दोन्हींचा फुत्कार एकाच पट्टीत आला की जमले. त्यानंतर मिश्रण पाहायचे. खालची ही पिन हलकेच उचलली की आतला पिस्टन किंचित वर जातो; इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन गचकले तर कमी, आणि वेग क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावला तर मिश्रण बरोबर. परवा मुलाने पिन उचलली, वेग चढला आणि चढलेलाच राहिला. त्याने खालचा सहा पैलूंचा नट एक पैलू वर फिरवला, पुन्हा पिन उचलली, आणि या वेळी वेग चढून खाली आला. माझ्या उपकरणाचा काटाही दोन्हीकडे सारखाच दाखवत होता.

बाबांनी नळी कानाला लावली, आधी पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे.

“मागचा अजून जरा जास्त ओढतोय,” ते म्हणाले, आणि मुलाने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.