हात न टेकता

मंडळी, मला इथं बोलावलं ते मी पैलवान आहे म्हणून नाही, साठीत व्यायाम कसा सुरू केला ते सांगायला. महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार आपल्याच निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. त्याच लातूर जिल्ह्यात जन्मून मी आयुष्यभर खुर्चीत बसून फायली चाळल्या.

दोन वर्षांखाली औशाला लग्नात पंगतीला बसलो. जेवण झालं, अन् उठताच येईना. आधाराला हात टेकला तो थेट पत्रावळीतल्या वरणात. शेजारचं पोरगं हसलं नाही. ‘थांबा आजोबा, उठवतो,’ म्हणलं. हसलं असतं तर परवडलं असतं.

वय तेव्हा ६०. डॉक्टरांकडून बीपी, शुगर, ईसीजी करून घेतलं अन् लातुरात पहाटे साडेपाचचा ग्रुप क्लास लावला. बैठका, केटलबेल म्हणजे वर कडी असलेलं लोखंडी वजन, बर्पी, सगळं घड्याळ लावून. बाकी पोरं पंचविशीतली. बर्पी म्हणजे उभ्यानं खाली बसायचं, हात टेकून पाय मागं फेकायचे, परत पोटाशी घ्यायचे अन् उठायचं. पहिल्याच दिवशी मी पोरांच्या बरोबरीनं मारायला गेलो. आठव्याला डोळ्यापुढं काजवे, नवव्याला बाहेर नालीवर. चूक माझीच. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन माणसानं हा प्रकार काढला तोच मुळी तंदुरुस्ती तपासायला, मोजून थोड्याच वेळा करायचा म्हणून. ढीगभर वेळा मारायचं खूळ पुढच्यांनी काढलं.

दुसऱ्या दिवशी कोचनं मला लोखंडी बार दिलाच नाही. नळाचा प्लास्टिकचा पाइप हातात ठेवला. ‘काका, महिनाभर हेच.’ लई लाज वाटली. पण डेडलिफ्ट म्हणजे तरी काय? जमिनीवरची घागर पाठ ताठ ठेवून, ढुंगण मागं नेऊन, मांड्यांच्या जोरावर उचलणं. माझी आई हे रोज करायची. मला साठीत पाइप घेऊन शिकावं लागलं. बर्पीसाठी जमिनीऐवजी बाकडं, बैठकांसाठी मागं स्टूल. पोरांच्या पाच फेऱ्या होतात, माझ्या तीन. शेजारच्याशी एखादं वाक्य बोलण्याइतका दम राहिला नाही, की मी थांबतो. घड्याळ खुशाल पळू द्या.

शेतात राबणाऱ्याला कशाला व्यायाम, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. कंबरपट्टा बांधून म्हणतो.

‘या वयात आता काय ताकद येणार?’ हे मला रोज कुणीतरी ऐकवतं. १९९० साली अमेरिकेत मारिया फियाटारोन अन् त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या १० जणांकडून त्यांनी आठ आठवडे, देखरेखीखाली, पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! त्यांच्यापुढं आपण पोरंच.

दुखणार मात्र. स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतात, ते आपोआप ओसरतं. सांध्यात टोचलं तर त्या दिवशी तो व्यायाम बंद. छातीत दाबल्यासारखं झालं, किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरगुती उपाय करीत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर पहाटेसुद्धा पाण्याची बाटली जवळ हवी.

बस, एवढंच. सतरंजीवर बसलेल्यांनी आता हात न टेकता उठून बघा. गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल टेका. चहा मागच्या टेबलावर आहे.