करडू, आई आणि नारळाचं दूध

श्रोतेहो, नमस्कार आणि शालोम.

या शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनाघरात, सेफेर तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीतून मिश्पातीम हा भाग वाचला जाईल. तोरातल्या निर्गम या पुस्तकाचे 21 ते 24 हे अध्याय. मागच्याच आठवड्यात सीनाय पर्वतावर ढग, विजा, शिंगाचा आवाज आणि दहा आज्ञा ऐकल्या. आता एकदम जमिनीवर यायचं: कुणाच्या बैलाने कुणाला ढुशी मारली, उघड्या टाकलेल्या खड्ड्यात कुणाचं गाढव पडलं, गरिबाचं गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत द्यायचं. परंपरेने या एका भागात 53 आज्ञा मोजल्या आहेत. पुष्कळांना हा भाग रुक्ष वाटतो. पण यात मुकी जनावरं किती वेळा येतात, तिकडे लक्ष द्या. पहिलं पिल्लू सात दिवस आईपाशी राहू दे. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर हात लाव. सातव्या दिवशी थांब, म्हणजे तुझ्या बैलाला आणि गाढवालाही विसावा मिळेल. आणि 23व्या अध्यायात, पहिल्या पिकाच्या आज्ञेला लागूनच: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस.

यातली बैलाची ओळ कोकणाने डोळ्यांनी पाहिली आहे. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल लोकांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, धंदा तेलाच्या घाण्याचा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. घाणा बंद म्हणजे डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरणारा बैलही त्या दिवशी मोकळा.

करडाची ओळ मात्र रोज चुलीपाशी पाळावी लागते. तोरात ती तीनदा येते: इथे, मग निर्गममधल्याच ‘की तिस्सा’ या भागात आणि ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या ‘रेए’ या भागात. तीनदा का, तर शिजवू नये, खाऊ नये आणि त्यापासून कुठला लाभही घेऊ नये, असा अर्थ विद्वानांनी लावला. म्हणून मांस आणि दूध एकत्र कधीच नाही. बाराव्या शतकात रामबाम या ज्यू धर्मपंडितांनी यामागे मूर्तिपूजकांचा एखादा विधी असावा असं म्हटलं. मला स्वतःला त्याच भागातले ते सात दिवस जास्त बोलके वाटतात. जे दूध पिल्लाला जगवायला आलं, त्याच दुधात ते रांधायचं नाही, एवढी आठवण रोजच्या भांड्यात ठेवलेली आहे.

आता ही आठवण हाताने कशी पाळायची ते सांगते. मटणाच्या रश्शात दही नाही, साय नाही, फोडणीला तूप नाही, सोबतच्या भाकरीलाही तूप नाही. मग रस्सा दाट आणि मऊ कशाने होणार? कोकणात याचं उत्तर परसातच उभं होतं. नारळाचं दूध हे दूध नव्हे, फळाचा रस आहे. ते मटणाबरोबर चालतं.

आधी मटणाचं मीठ. रक्त खायचं नाही, म्हणून एक किलो मटण साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. बाहेर काढून थोडं निथळू द्या. फार ओलं राहिलं तर मीठ विरघळून वाहून जातं, अगदी कोरडं झालं तर चिकटत नाही. मीठ भरड हवं. बारीक मीठ लगेच विरतं आणि रक्त ओढत नाही. प्रत्येक तुकड्याला सगळ्या बाजूंनी मीठ लावा आणि तिरप्या फळीवर किंवा भोकांच्या चाळणीत एक तास ठेवा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली जाईल. परातीत ठेवलं तर मटण त्याच पाण्यात बसतं आणि सगळं व्यर्थ. मग तीन पाण्यांनी धुवा. गोठलेल्या मटणावर मीठ काम करत नाही. आधी ते पूर्ण सुटू द्या. कलेजी मिठाने होत नाही, ती चिरे देऊन उघड्या जाळावरच भाजावी लागते.

एका मोठ्या नारळाचा चव वाटीभर कोमट पाण्यात वाटून पहिलं दाट दूध पिळा आणि बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून दुसरं दूध काढा. वाटणाला एक जुडी कोथिंबीर, सात-आठ हिरव्या मिरच्या, दहा पाकळ्या लसूण, दोन पेरं आलं, चमचाभर जिरं. तेलात तीन कांदे परता, वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, हळद घाला, मग मटण घालून पाण्यातच मऊ शिजवा. मीठ अजून घालू नका. मिठात ठेवलेलं मटण धुतलं तरी थोडं खारट राहतं. चव बघायची ती शेवटी. रस्सा खारट होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मटण शिजलं की चार आमसुलं घालून पाच मिनिटं उकळा आणि काढून टाका. मग आच मंद करून दुसरं दूध, आणि अगदी शेवटी दाट दूध. झाकण ठेवायचं नाही, खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले की तीन मिनिटांत खाली उतरवा. मोठ्या आचेने आणि आंबटाने दूध फुटतं: वर तेल, खाली कणी. आमसूल आधी घालून काढायचं ते यासाठीच. फुटलंच तर चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून घाला. रस्सा थोडा सावरतो, पण पहिली चव येत नाही.

डब्यातलं दूध किंवा नारळाची पूड वापरत असाल तर घटकांची यादी जरूर वाचा. पुष्कळ पुडींत सोडियम केसिनेट असतं आणि ते गाईच्या दुधातून काढलेलं प्रथिन आहे. इस्राएलमध्ये अश्दोद, दिमोना, लोद इथे राहणाऱ्या आपल्या माणसांना ताजा नारळ रोज मिळत नाही. त्यांनी हे फार जपावं.

सोळाव्या शतकात रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे इस्सर्लेस यांनी बदामाच्या दुधाविषयी लिहिलं आहे. त्या दुधात मटण असेल तर ताटाजवळ बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. नारळाला तोच न्याय लावायचा तर पाहुण्यांपुढे पातेल्याशेजारी एक करवंटी ठेवली की पुरे.

हा रस्सा शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तयार हवा, कारण शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही. रात्रभर निखाऱ्यावर ठेवायचा पदार्थ मात्र हा नव्हे. सकाळपर्यंत दूध फुटून तेल वेगळं होतं, आणि कोकणच्या उष्म्यात बाहेर ठेवलं तर आंबतं. शुक्रवारी रात्री काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथची आशीर्वाद-प्रार्थना, झाला की तांदळाच्या भाकरीबरोबर तो संपवायचा. नंतर गोड हवं असेल तर नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा चालतो, बासुंदी नाही. आणि दुधाचा चहा सहा तासांनी. तोवर गवती चहाची पात आणि आलं घातलेला बिनदुधाचा चहा घ्या. शब्बाथसाठी तो शुक्रवारीच उकळून थर्मासमध्ये भरून ठेवावा लागतो.

शब्बाथ शालोम.