पिळली बी, टाकलं बोंड

(दृश्य : वरकस उतार, काजूच्या झाडाखाली लाल-पिवळा सडा)

मार्च अर्धा सरलाय आणि वेंगुर्ले तालुक्यातल्या या जांभ्याच्या उतारावर काजू पडू लागलाय. काजू तोडायची घाई इथे कुणी करत नाही. पिकला की बीसकट आपणच खाली येतो.

काकींचे हात बघा. एका हातात बोंड, दुसऱ्या हाताने बीला एक पीळ. बी टोपलीत, बोंड मागे. पुन्हा पीळ. टोपली भरत जाते, मागचा ढीगही.

हा ढीग आम्ही सकाळभर चित्रित केला. माश्या, मुंग्या आणि एक आंबूस, गोडसर वास, जो कॅमेऱ्यात येत नाही.

खरं तर काजूचं फळ म्हणजे ती बी. बोंड हा फुगलेला, रसाळ झालेला देठ. बीच्या कितीतरी पट वजनाचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून हे झाड आणलं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्याच्या जाती तयार केल्या : 'वेंगुर्ला-४' चं बोंड तांबडं, 'वेंगुर्ला-७' चं पिवळं. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळालं. कौतुक सगळं बीचं.

(दृश्य : काकी बोंड हातात घेऊन, क्लोज-अप)

मग बोंड खायचं की नाही? खायचं. क जीवनसत्त्व यात संत्र्याच्या चार-पाच पट. पण नुसतंच चावलंत तर काकी म्हणतात तसं होतं : "बोंडू खाल्लो की घसो धरता."

घसा धरतो तो टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. हिरड्यांना कोरड पडते, जीभ जड होते. विष वगैरे काही नाही. जपायचं ते बीच्या टरफलापासून. त्यातलं तेल कातडी भाजतं, ओठाला लागलं तर फोड येतो. म्हणून आधी बी पिळून काढायची आणि मगच बोंडाला तोंड लावायचं. ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं का निघतात, ते या तेलामुळे.

आणि रस कपड्यावर सांडू नका. डाग जात नाही. आमच्या कॅमेरामनचा शर्ट साक्षीला आहे.

(दृश्य : पडवी, विळी, परात)

सगळ्यात सोपा उपाय विळीवरचा. बोंडाच्या चकत्या करायच्या, मीठ आणि लाल तिखट लावून थोडा वेळ ठेवायच्या. सुटलेलं पाणी निथळलं की घशाची पकड सैल होते. पोरं एवढ्यासाठी दोन फेऱ्या मारून गेली, तेही आलंय चित्रीकरणात.

पण आम्ही आलो होतो साबुदाण्यासाठी.

हो, उपवासाच्याच. बोंडं ताजी हवीत, त्याच दिवशीची. फुटलेलं, चेपलेलं घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते आंबायला लागलेलं असतं. धुऊन, चिरून, फडक्यात घालून पिळायची. हा पहिला रस गढूळ, पिवळट. आता साबुदाण्याची पूड, लिटरभर रसाला साधारण पाच ग्रॅम, थोड्या पाण्यात शिजवून तिची खळ करायची. ती गार झाल्यावर रसात ढवळून पातेलं झाकून ठेवायचं. खळ टॅनिनला धरते आणि दोघं मिळून तळाशी बसतात.

(दृश्य : रात्र, मग सकाळ, तेच पातेलं)

हलवायचं नाही. वरचा रस अलगद दुसऱ्या भांड्यात ओतायचा आणि गाळायचा. हा बघा उन्हात धरलेला पेला : पलीकडची तुळस दिसते. चव घेतली, वास काजूचा, पण घसा मोकळा.

यात काकींच्या मापाने लिटरला सव्वा किलो साखर, लिंबाचा रस, आणि एक उकळी. निर्जंतुक केलेल्या बाटल्यांत भरून घट्ट बूच. सरबताचा अर्क तयार. पिताना एक वाटी अर्काला तीन वाट्या गार पाणी.

गोव्यात याच बोंडाचा रस आंबवून, भट्टीवर चढवून आधी हुर्राक, मग फेणी ही दारू काढतात. फेणीला २००९ मध्येच मानांकन मिळालं. तिकडे आम्ही गेलो नाही. ती वेगळी फिल्म होईल.

इकडे व्यापारी येतो तो बीचा भाव घेऊन. बोंडाचा भाव कुणी विचारत नाही, त्यामुळे बहुतेक बोंडं झाडाखालीच कुजतात.

(दृश्य : फळीवर सात बाटल्या. मागे उतारावरचा ढीग)

काकींनी बाटल्या मोजल्या. तीन ठेवल्या मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांना. एक आम्हाला दिली. आणि टोपली उचलून त्या पुन्हा वर गेल्या. दुपारच्या वाऱ्याने आणखी बोंडं पडली असतील.