सोयाबीनच्या रानातला रामशेज

(दृश्य : पहाट. दिंडोरी रस्त्यालगतचं मोकळं रान. बांधावर टांगलेला आकाशकंदील.)

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ आहे. सोयाबीन निघालंय, हरभरा अजून पेरायचाय. हे रान मोकळं सापडतं ते एवढ्या मधल्या दिवसांतच. शेताचे मालक आमच्यातलेच, रविवारी सायकलवर रामशेजच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारे. चौघं खुंट्या ठोकतायत, दोघं त्यांना फीत बांधतायत. आणि रानाच्या मधोमध वस्तीवरची पोरं दगड-विटा रचून त्यावर चिखल थापतायत. दिवाळीचा किल्ला चाललाय. कुठला म्हणून विचारलं, तर रामशेजच! औरंगजेबाच्या फौजेला कित्येक वर्षं झुंजवणारा, उत्तरेला दिसतो तोच. आजची शर्यत पोरांच्या या किल्ल्याला वळसा घालून जाणार आहे.

या शर्यतीला सायक्लोक्रॉस म्हणतात.

(दृश्य : फितींमधून वळत जाणारी वाट, वरून.)

नाशिकला सायकल नवी नाही. महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीनं पूर्ण केली. सुमारे 4800 किलोमीटर. इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. आपल्या शहराला लांब पल्ल्याचं वेड आहे, आणि ते मला प्रिय आहे. सायक्लोक्रॉसचा हिशेब मात्र निराळा. अडीच-तीन किलोमीटरचं वर्तुळ, त्याच्या फेऱ्या, आणि सगळा खेळ जेमतेम तासाभराचा. त्या तासात गवत, चिखल, वाळू, पायऱ्या असं सगळं पायाखाली येतं आणि सायकलवरून कितीदा तरी उतरावं लागतं.

खेळ फ्रान्समध्ये रुजला. 1902 साली तिथं पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, 1950 साली पॅरिसमध्ये पहिली जागतिक. पण त्याचं माहेर आज बेल्जियम. नाताळ ते नववर्ष तिथं शर्यतींची रांग लागते. डीगममध्ये रात्री, दिव्यांच्या उजेडात. बालमध्ये 1 जानेवारीला. कोक्सेइडमध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर. सणात माणसं कुटुंबासकट चिखलात उभी राहून शर्यत बघतात, जसे आपण जत्रेतल्या कुस्त्या बघतो. आणि नामूरला डिसेंबरात शर्यत होते, ती चक्क किल्ल्याच्या उतारांवर. हे पोरांना सांगितलं तेव्हापासून त्यांनी बुरूज आणखी वीतभर उंच केलाय.

(दृश्य : दोन आडव्या फळ्या. पाय अगदी जवळून.)

आता या दोन फळ्या बघा. जागतिक नियमात अशा फळीची उंची 40 सेंटीमीटरपर्यंत. आमच्या 25च्या आहेत, वरच्या कडा घासून गोल केलेल्या. बेल्जियमचा स्वेन नेस लहानपणी बीएमएक्सवर, म्हणजे उड्या मारायच्या छोट्या सायकलवर वाढला. तो अशा फळ्यांवरून सायकलसकट उडी मारायचा. 2005 आणि 2013 असा दोनदा जगज्जेता झाला. बाकीच्यांनी उतरायचं. आणि उतरण्यातच सगळं कसब आहे.

हळू करून दाखवतो. फळी दहा पावलांवर आली. उजवा पाय मागून फिरवून डावीकडे आणला. आता सगळं वजन डाव्या पॅडलवर, सायकल अजून धावतेय. उजवा हात सीटपुढच्या दांडीवर. उजवं पाऊल जमिनीला लागलं, पाठोपाठ डावं, आणि माणूस पळतोच आहे. सायकल उचलली, एक फळी, दुसरी फळी, खाली ठेवली. मग उडी. सीटवर धपकन बसायचं नाही. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवून सरकायचं. थांबायचं कुठंच नाही. नीट जमलं की चाकांचा आवाज तेवढा तुटतो, पावलांची लय तुटत नाही.

मागच्या वर्षी आम्ही फळ्या उताराच्या तळाशी लावल्या होत्या. एका मुलाला त्या वेळेत दिसल्या नाहीत. हनुवटीला तीन टाके पडले. चूक मार्ग आखणाऱ्यांची होती, म्हणजे माझीही. या वर्षी फळ्या हलक्या चढावर आहेत. तिथं वेग आपोआप उतरतो आणि वीस मीटरवरून लाल रंग दिसतो. अडथळा माणसाला पाडायला नसतो. उतरू की उडी मारू, हे ठरवायला त्याला वेळ मिळालाच पाहिजे.

(दृश्य : बांधाचा तिरका उतार. ओल्या मातीत चाकाची रेघ.)

पुढे बांध आडवा कापायचा. चढाकडचं पॅडल वर, उताराकडचं खाली, भार त्यावर. टायरमध्ये हवा कमी ठेवायची, म्हणजे रबर जमिनीला धरून राहतं. मोठ्या शर्यतीत टायरची रुंदी 33 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आमच्याकडे ज्याला जो टायर असेल तो. शेवटी पाटाच्या कडेची काळी माती. पावसाळा सरला तरी इथं ओल टिकते. ही माती चाकाला नुसती लागत नाही, थर धरते. दोन फेऱ्यांत ब्रेकपाशी गोळा बसतो, चाक फिरेनासं होतं. मग सायकल खांद्यावर. आणि खरा शत्रू ही मातीही नव्हे, सोयाबीनची धसकटं. टायर असे फोडतात की विचारू नका. दोन संध्याकाळी वाकून आम्ही ती हातानं उपटली.

(दृश्य : सुरुवातीची रेघ, तिच्यावर रांगोळी. फराळाचं टेबल.)

अठरा जण उभे आहेत. दोघं मावळ्यांच्या वेशात, पगडीखाली हेल्मेट. रेघेवरच्या रांगोळीत चाक काढलंय. शिट्टी वाजली की पहिल्या वळणाआधीच ती पुसली जाणार, हे काढणाऱ्या ताईंना ठाऊक आहे. तरी त्यांनी रंग भरलेत.

(दृश्य : शेवटची फेरी.)

या मुलीकडे बघा. आठवीत आहे. रोज शाळेला जाते तीच सायकल, पुढे टोपली, मागे कॅरिअर. या सायकलीला आडवी दांडी नाही, त्यामुळे आम्ही शिकवलेली उचल तिला उपयोगाची नाही. पहिल्या फेरीत ती फळीपाशी थांबली. दुसऱ्या फेरीत चाक आपटलं. तिसऱ्या फेरीत डावा हात हँडलवर, उजव्यानं कॅरिअर धरून तिनं आख्खी सायकल कमरेपर्यंत उचलली.

आता चौथी फेरी. फळ्यांपाशी पोरं किल्ला सोडून येऊन उभी राहिलीत, हातांना चिखल तसाच. ती धावत येतेय. एक फळी. कॅरिअर खडखडलं. दुसरी.

पलीकडे.