सव्वीस थाऊ

श्रोतेहो, नमस्कार. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमान उठलं की आपण मान वर करून बघतोच. आज मी विमानाच्या बोल्टबद्दल बोलणार आहे. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात जे मशीनपाशी उभे असतील, त्यांनी जरा रेडिओचा आवाज वाढवावा.

१० जून १९९०. इंग्लंडच्या बर्मिंगहॅमहून स्पेनकडं निघालेलं विमान १७ हजार फुटांवर असताना कॅप्टनसमोरची काच उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. धावत आलेल्या कर्मचाऱ्यानं त्याला घट्ट धरलं. त्याचे हात गारठले, तसे दुसऱ्यांनी धरलं. वीसेक मिनिटं माणूस तसाच बाहेर! सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. आत ८७ जण होते. सगळे वाचले. कॅप्टनसुद्धा वाचला, श्रोतेहो.

काच २७ तासांपूर्वीच बदलली होती. तिला ९० बोल्ट. त्यांतले ८४ जाडीला २६ थाऊ कमी, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सव्वीस थाऊ! लेथवरच्या आपल्या पोराला विचारा, तो लगेच म्हणेल, आटे धरायचेच नाहीत. उरलेले सहा आखूड.

बसवणारा शिकाऊ होता का? नाही, शिफ्टचा प्रमुख होता, कामाला चोख. पहाटेची वेळ, माणसं कमी, म्हणून स्वतःच कामाला लागला. जुना बोल्ट घेऊन स्टोअरमध्ये गेला. तो जुना बोल्टही आधीच कुणीतरी चुकून बसवलेला, आखूड मापाचा. तसे बोल्ट चार-पाचच शिल्लक. योग्य माप कोणतं, हे स्टोअरवाल्यानं सांगितलंही. पण इतकी वर्षं हाच बोल्ट टिकलाय ना, मग हाच घेऊ, असं त्या प्रमुखाला वाटलं. दुसरीकडं एक रॅक होता, त्यावर कुणाची देखरेख नव्हती. तिथं अंधुक उजेडात त्यानं नजरेनंच बोल्ट जुळवले. जवळचं बघायचा चष्माही लावला नव्हता. चष्मा लागला की लावावा. आमच्या घरातही मी हेच सांगते. त्यात कसला कमीपणा?

१९९२ साली चौकशीचा अहवाल आला. त्यानं चूक कुणाची एवढंच न बघता, ती निसटली कुठून हे पाहिलं. पुन्हा सांगते: निसटली कुठून. दुसऱ्या माणसानं तपासायचं काम त्या काचेला नेमलेलंच नव्हतं. बसवल्यावर हवेच्या दाबाची चाचणीही करावी लागत नव्हती. काच बाहेरून बसवायची, त्यामुळं आतला सगळा दाब त्या बोल्टांवरच. आणि तिथल्या कामाच्या तपासण्या होत होत्या, पण नजरेनंच बोल्ट जुळवायची ही सवय त्यांत कधी पकडली गेली नाही.

रात्रपाळीला माणसं कमी ठेवून बचत करणाऱ्या मालकांशी मी नेहमी भांडते, आजही भांडते. पहाटे तीनला एकट्या माणसानं मापही घ्यायचं आणि तपासायचंही, हे बरोबर नाही.

तुमच्या रॅकवरच्या डब्यांवर मापं लिहिलेली आहेत का? उद्या सकाळी बघा. नसतील तर खडूनं तरी लिहा, आणि बसवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी एकदा माप घ्यायचा व्हर्नियर लावावा.